पंप कोरडा फिरू नये



इंदूर जिल्ह्यातलं देपालपूर. माळव्याची काळी माती. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू.

अशा शेतांसाठी 2019 साली केंद्राची कुसुम योजना आली. तिच्यातून वीज न पोहोचलेल्या शेतांतही सौरपंपाला अनुदान मिळू लागलं.

पण बोअरचं पाणी खाली गेलं, तर?

पाण्यातल्या मोटरीला पाणीच थंड ठेवतं. पाणी संपलं, की ती तापते आणि जळू शकते. म्हणून पंपाच्या कंट्रोलरमध्ये ‘ड्राय रन’ संरक्षण असतं. पाणी संपताच पंप आपोआप बंद.

आणि टाकी भरली, तर?

पाण्याबरोबर फ्लोट स्विच वर येतो. पंप बंद.

आकाशातल्या विजेपासून बचाव करतात तडितरोधक आणि पक्कं अर्थिंग.

पुन्हा सांगायचं, तर पंप कोरडा फिरू नये. पंप बसवतानाच ‘ड्राय रन’ संरक्षणाची सोय तंत्रज्ञाकडून चालवून पाहावी. पावसाळ्यापूर्वी अर्थिंगची तारही तपासून घ्यावी.