हात न हलवता नाचायचं, पण कशासाठी?

आज थेट आयर्लंडला जाऊ. तुम्ही कधी यूट्यूबवर रिव्हरडान्स पाहिलंय का? नसेल तर एपिसोड संपल्यावर पाहा, आत्ता नको. एका ओळीत उभे डान्सर, कमरेच्या वर सगळं स्थिर, हात अंगाला चिकटलेले आणि खाली बूट ताशासारखे कडकडतायत.

हे जमायला वर्षानुवर्षं जातात. घोटे, गुडघे दुखतात. बहुतेकांना यातून एक पैसा मिळत नाही. मग लोक रोज प्रॅक्टिस का करतात?

सोपं उत्तर म्हणजे मेडल. या नाचाच्या स्पर्धेला तिकडे 'फेश' म्हणतात. अगदी छोटी मुलंसुद्धा उतरतात. जिंकलं की वरची ग्रेड, अगदी गेममधल्या लेव्हलसारखं. मोठ्या स्पर्धांतलं गणित तर मला फारच आवडलं. प्रत्येक परीक्षकाच्या यादीत पहिल्याला 100 पॉइंट, दुसऱ्याला 75, तिसऱ्याला 65. म्हणजे पहिल्या-दुसऱ्यात 25 चा फरक आणि दुसऱ्या-तिसऱ्यात फक्त 10 चा! एखाद्या परीक्षकाला तुम्ही सगळ्यात जास्त आवडलात, तर त्याचं वजन भलतंच पडतं. जागतिक स्पर्धा 1970 पासून चालू आहे.

पण फक्त मेडल हे उत्तर मला पटत नाही. एका गटात जिंकणार एकच, बाकीचे सगळे हरणार, आणि तरी पुढच्या आठवड्यात क्लासला येणार. 2022 मध्ये काही शिक्षक आणि परीक्षकांवर निकाल फिरवल्याचे आरोप झाले, मोठा गदारोळ झाला. स्पर्धा त्यानंतरही चालूच आहेत.

दुसरं कारण घरापासून लांब गेलेल्यांचं आहे. आयर्लंड ब्रिटिशांच्या ताब्यात होतं तेव्हा, 1893 मध्ये, आयरिश भाषा टिकवायला गेलिक लीग नावाची संस्था निघाली. पुढे नाचही त्या चळवळीचा भाग झाला. आणि गंमत बघा, या लीगचा सार्वजनिक नाच-गाण्याचा पहिला कार्यक्रम, ज्याला 'केली' म्हणतात, तो 1897 मध्ये झाला तो लंडनमध्ये! जे देश सोडून गेले, त्यांनाच त्याची जास्त गरज वाटली असावी. पुढे 30 एप्रिल 1994 ला डब्लिनमध्ये युरोव्हिजन गाण्याच्या स्पर्धेच्या मध्यंतरात रिव्हरडान्स पहिल्यांदा सादर झालं, जेमतेम सात मिनिटं. बिल व्हेलनचं संगीत. मुख्य डान्सर मायकेल फ्लॅटली शिकागोचा आणि जीन बटलर न्यूयॉर्कची. दोघंही अमेरिकेत जन्मलेले, आयरिश कुटुंबांतले. फ्लॅटलीने 1975 मध्ये जागतिक स्पर्धा जिंकली होती.

पण जपान आणि रशियातही हा नाच शिकणारे आहेत. त्यांचे आजोबा काही आयर्लंडचे नव्हते ना! शिवाय तिशी-चाळिशीत सुरुवात करणारे लोक आहेत, त्यांच्यासाठी स्पर्धेत वेगळे गट असतात. त्यांना जगज्जेते व्हायचं नाहीये. मग?

माझ्या मते खरं उत्तर बुटात आहे. दोन प्रकारचे बूट असतात, मऊ आणि कडक. कडक बुटांना पुढे आणि टाचेला टणक तुकडे असतात, म्हणजे नाचणाराच वाजवणारा. जिग नावाचा प्रकार सहा मात्रांचा, तीन-तीनच्या दोन भागांत, आपल्या दादऱ्यासारखा. (तबला शिकलेल्यांनी एकदा ऐकाच.) त्यात प्रत्येक स्टेप आधी उजव्या पायाने करायची आणि मग तीच्या तीच डाव्या पायाने. उजव्याला मस्त जमलेली गोष्ट डाव्याला अजिबात जमत नाही. दोन-तीन आठवडे पाय अडखळत राहतो, आवाज फुटका येतो. आणि एके दिवशी दोन्ही पायांचा आवाज सारखा येतो. हे कळायला परीक्षक लागत नाही, तुमच्याच कानाला कळतं. असं लगेच आणि खरं उत्तर देणारी गोष्ट आयुष्यात फार कमी असते. आम्हा कोडवाल्यांना तर याचं व्यसनच लागतं.

आयर्लंडच्या पश्चिमेला कॉनेमारामध्ये याचा जुना भाऊ आहे, 'शॅन नोस' नाच. त्यात हात मोकळे, पाय जमिनीलगत, आणि वाजणारी धून ऐकत स्टेप तिथल्या तिथे सुचवायची. जुन्या घरांत जमीन मातीची असायची, तिच्यावर बूट वाजणार कसे? मग लोक घराचं दार बिजागरीतून काढायचे, जमिनीवर आडवं टाकायचे आणि त्यावर नाचायचे.

चला, आता यूट्यूब उघडा. हेडफोन लावूनच ऐका. भेटू पुढच्या एपिसोडला.