तारीख कुणाला विचारून ठरवायची?

तुमची दुपारची भांडी घासून झाली असतील, किंवा रेडिओ चुलीजवळ ठेवून तुम्ही ऐकत असाल. आज बचत, कर्ज, हप्ता यांवर बोलायचं नाही. आज आम्ही आमच्या वर्गाच्या एका लहानशा मेळाव्याची गोष्ट सांगणार आहोत. साताऱ्याच्या कॉलेजात बी.ए.ला एका वर्गात असलेल्या आम्ही मुली पंधरा वर्षांनी एकत्र भेटलो. हे ऐकून तुमच्यातल्या कुणाला आपल्या मैत्रिणींना गोळा करावंसं वाटलं तर आमचा अनुभव उपयोगी पडेल, आणि आमची चूक तुमच्याकडून होणार नाही.

पहिली अडचण पैशाची येईल असं आम्हाला वाटत होतं. प्रत्यक्षात ती आली नावांची. आमच्या वर्गातल्या मुलांचा मेळावा दोनदा झाला होता. त्यांची नावं हजेरीत होती तीच आजही आहेत, घरही बहुतेकांचं तेच. आम्ही तेवीस मुली होतो. लग्नानंतर सगळ्यांची आडनावं बदलली, दोघीतिघींची तर पहिली नावंसुद्धा सासरी बदलली. मोबाईल कुणाचा नवऱ्याच्या नावावर, कुणाचा मुलाच्या. मग शोधायचं कसं?

आम्ही माहेर धरलं. दिवाळीत भाऊबीजेला बाई माहेरी येतेच. त्या चार दिवसांत आमच्यातल्या दोघी कोरेगाव, रहिमतपूर, कराड भागातल्या माहेरच्या गावी जाऊन आल्या. काही ठिकाणी भावाने नंबर दिला. काही ठिकाणी अंगणवाडी सेविकेने आणि गटाच्या सीआरपी ताईंनी सांगितलं, "ती होय, ती जतकडं दिलीय." असं करत तेवीसपैकी सतरा जणी सापडल्या. एक आजारपणात गेल्याचं तेव्हाच कळलं. पाच जणींचा पत्ता अजून लागलेला नाही.

पुढचा प्रश्न पैशाचा. इथे आम्हाला बचत गटाचीच रीत उपयोगी पडली. 'उमेद'च्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत आणि नियमित लेखे येतात, तेच आम्ही केलं. दर महिन्याला शंभर रुपये, असे सहा महिने. बैठक फोनवर, रात्री साडेनऊला, भांडीकुंडी झाल्यावर. हिशेब एकीकडे वहीत लिहिलेला, आणि त्या पानाचा फोटो सगळ्यांना. कुणाचा हप्ता मागे राहिला तर ते फक्त हिशेब ठेवणारीला माहीत. ग्रुपवर नाव घेऊन पैसे मागायचे नाहीत, हे पहिल्याच बैठकीत ठरवलं. शंभर रुपयांसाठी कुणाला खाली बघावं लागलं तर ती येणारच नाही.

प्रवासाचा खर्चसुद्धा आम्ही एकत्र केला. साताऱ्यात राहणारी वीस रुपयांत स्टँडवर येते. जतवरून येणारीला बरंच लांबचं अंतर पडतं. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याचा मोठा आधार झाला. तरी लांबच्यांना जास्त पडत होतंच. मग सगळ्यांची तिकिटं गोळा करून त्याचे पैसे वर्गणीतून द्यायचे ठरले. "मी लांब दिली गेले त्यात माझा काय दोष?" असं एकीने हसत विचारलं होतं. त्याचं उत्तर आम्ही वहीत लिहिलं.

आम्ही बारा जणी गेलो. प्रत्येकीचे सहाशे, म्हणजे सात हजार दोनशे. गाडी साडेतीन हजार, जेवण आणि चहा अठराशे, एस.टी.ची तिकिटं तेराशे ऐंशी, फोटोंच्या प्रती तीनशे वीस. एकूण सात हजार. उरले दोनशे. त्यांचं काय केलं ते शेवटी सांगतो.

आता जागा. सातारा म्हटलं की लोक आधी कासला निघतात. कासची फुलं पावसाळ्याच्या शेवटी, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमाराला. तेव्हा गर्दी फार, आधी नोंदणी करायची, आणि पाय दुखणाऱ्यांचे हाल. सज्जनगडाच्या पायऱ्या दोघींना जमणाऱ्या नव्हत्या. शिवाय आम्हाला बोलायचं होतं, नुसतं फिरायचं नव्हतं. म्हणून जवळच्या दोन जागा धरल्या, संगम माहुली आणि लिंबची बारा मोटेची विहीर. आणि शेवटी आमच्या कॉलेजचा कट्टा.

माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. तिथे महाराणी येसूबाईंची समाधी आहे. कितीतरी वर्षं ती नेमकी कुठली हे लोकांना ठाऊक नव्हतं, अलीकडे तिची ओळख पटली. शाळेत आम्ही एवढंच शिकलो होतो की संभाजी महाराजांनंतर येसूबाई आणि लहानगे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. शाहू महाराज १७०७ साली सुटले, १७०८ साली साताऱ्यात त्यांचा राज्याभिषेक झाला. येसूबाई मात्र दिल्लीकडेच राहिल्या. त्या सुटून आल्या १७१९ साली. १६८९ पासून मोजलं तर तीस वर्षं. आईची आणि मुलाची पुन्हा भेट झाली ती बारा वर्षांनी. समाधीपाशी आमच्यातली एक म्हणाली, "आपण पंधरा वर्षांचं एवढं कौतुक करतोय." सगळ्या हसलो, पण नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

लिंब गाव साताऱ्याहून पुण्याच्या बाजूला, हायवे सोडून आत. तिथली विहीर दगडी, अष्टकोनी, पायऱ्यांनी आत उतरायचं. विहिरीतच छोटा महाल आहे. एका वेळी बारा मोटा चालायच्या म्हणून बारा मोटेची विहीर. १७१९ ते १७२४ या काळात ती बांधली गेली, आणि बांधणारी बाई होती, विरूबाई भोसले. तिथल्या शिलालेखात तिचं नाव आहे. तीनशे वर्षं झाली तरी ते नाव वाचता येतं. आणि आम्हाला पंधरा वर्षांत आमच्या पाच मैत्रिणी सापडल्या नाहीत, कारण त्यांची नावं बदलली. त्या दिवशी आम्ही एक काम केलं. वहीत प्रत्येकीचं माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव आणि दोन फोन नंबर लिहून घेतले, एक स्वतःचा, एक माहेरचा. मैत्रिणींनो, हे तुम्ही आजच करून ठेवा. त्याला मेळावा लागत नाही.

जेवण लिंबमध्येच ठेवलं होतं. तिथल्या गटाच्या ताईंनी ज्वारीची भाकरी, पिठलं, वांग्याची भाजी आणि ठेचा दिला. हॉटेलात गेलो असतो तर पैसे जास्त आणि उठायची घाई. इथे दोन तास बसलो.

मेळाव्यात काय करायचं नाही, हेही आम्ही आधी ठरवलं होतं. दिवस जानेवारीतला, संक्रांतीनंतरचा. सहज कुणीतरी म्हणालं, हळदीकुंकू करू, वाण लुटू. आमच्यातली एक कोरोनाच्या काळात विधवा झालेली. ती काही बोलली नाही, पण त्या बैठकीतून तिचा फोन लवकर बंद झाला. दुसऱ्या दिवशी आम्हीच ठरवलं, हळदीकुंकू नाही, ओटी नाही. तिळगूळ सगळ्यांना सारखा. एकाच रंगाच्या साड्या घ्यायची कल्पनाही सोडली, कारण नवी साडी म्हणजे पुन्हा खर्च.

'सध्या काय करता' हा प्रश्नही काढून टाकला. एक शिक्षिका आहे, एक बँकेत, दोघी गटाच्या कामात, बाकीच्या घर आणि शेत बघतात. ओळख करून देताना कुणी उंच आणि कुणी खाली दिसायला नको. त्याऐवजी प्रत्येकीने कॉलेजमधली एक आठवण सांगायची, स्वतःची नाही, शेजारी बसणारीची. त्यात मजा आली. आपल्याला आठवत नाही ते दुसरीला आठवतं.

फोटोंचं सांगायचं राहिलं. आमची एक मैत्रीण सांगलीत राहते, कृष्णेच्या काठच्या भागात. ऑगस्ट २०१९ चा महापूर तुम्हाला आठवत असेल. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिच्या घरात माळ्यापर्यंत पाणी. कॉलेजचे फोटो, गॅदरिंगचे फोटो, सगळं गेलं. फोनवर ती म्हणाली होती, "मी कॉलेजात होते याचा माझ्याकडं पुरावाच नाही." म्हणून आम्ही सगळ्यांनी घरचे जुने फोटो शोधले, प्रती काढल्या, आणि पाकीट तिच्या हातात दिलं. माहुलीला उभं राहून ती म्हणाली, "हेच पाणी पुढं कराडला कोयनेला मिळून आमच्याकडं येतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. फोटो मात्र तिने पदराखाली धरून ठेवले होते, दिवसभर.

आता आमची चूक. तारीख ठरवताना आम्ही बरंच बघितलं होतं. दिवाळी नको, लग्नाची तिथ नको, मुलांची परीक्षा नको. रविवार नको, कारण रविवारी सगळं घर घरात असतं आणि बाईला सगळ्यात जास्त काम असतं. बँकेतलीला सुट्टी म्हणून चौथा शनिवार घेतला. संध्याकाळी पाचची एस.टी. सगळ्यांना मिळेल असा कार्यक्रम आखला. एका मैत्रिणीच्या सासूबाईंना भेटायला दोघी घरी गेल्या, चहा घेतला, कुठे जाणार, कधी परतणार, सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे की, मी कधी गेले नाही म्हणून तिनं जाऊ नये का?"

आणि तरीही जी यावी असं सगळ्यांना वाटत होतं, ती आली नाही. वर्गात पहिली येणारी. आमच्या नोट्स सगळ्या तिच्या अक्षरातल्या. लग्न होऊन तासगावकडे गेली, आता द्राक्षबागेत रोजाने जाते. पैसे ती देत होती, दोन महिने दिलेसुद्धा. मग बोलेनाशी झाली. आम्हाला वाटलं, तिला कमीपणा वाटत असेल. आम्ही आपसात हळहळलो. शेवटी मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात एकीने तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "अगं, जानेवारीत द्राक्षाची तोडणी. एक दिवस चुकला तर टोळीतून नाव जातं. मग पुढचा सगळा हंगाम घरी बसायचं. तुम्ही तारीख ठरवली तेव्हा मला कुणी विचारलं का?"

खरं होतं. बँकेची सुट्टी आम्हाला पाठ होती. बागेचा हंगाम कुणाच्या ध्यानातच आला नाही. बैठकीत जी जास्त बोलते तिची सोय आधी होते, हे आम्ही गटात रोज बघतो. गटात गप्प बसलेल्या बाईला आम्ही नाव घेऊन विचारतो, "ताई, तुमचं काय म्हणणं?" स्वतःच्या मैत्रिणींत मात्र ते विसरलो. तिला कमीपणा वाटतोय असं आम्ही धरून चाललो, त्याचंही वाईट वाटलं. तिला कमीपणा वाटत नव्हता, तिला सवड नव्हती.

साताऱ्यातल्या लोकांना लक्ष्मीबाई पाटील माहीत आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणाला पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी आपले दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. घरात आधी कोण उपाशी आहे ते त्यांनी पाहिलं. आमचं काम त्यापुढे काहीच नाही, एका शनिवारचं. पण रीत तीच हवी होती. जिला यायला सगळ्यात अवघड, तिला तारीख आधी विचारायची. बाकीच्यांना जमवून घेता येतं.

तर उरलेल्या दोनशे रुपयांचं हे झालं. फोटोंचं एक पाकीट केलं, त्यात तिने वक्तृत्वाची ढाल घेतलेला फोटो वर ठेवला, तिळगूळ ठेवला, तिचे दोन महिन्यांचे दोनशे रुपये वेगळे ठेवले होते तेही तिच्या नावावर जमा असल्याचं लिहून कळवलं, आणि पोस्टाने पाठवलं. आठ दिवसांनी रात्री साडेनऊलाच तिचा फोन आला. म्हणाली, "पैसे परत करू नका. पुढच्या वेळचा माझा हप्ता समजा. आखाडात या. तेव्हा बागेत काम कमी असतं, लग्नंही नसतात. तासगावलाच या, पटवर्धनांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ दाखवते, सात मजली गोपुराचं. भाकरी मी करते."

तारीख तिने दिली आणि आम्ही बाकीच्या जमवतोय. बँकेतली रजा टाकणार आहे. पाच जणींचा शोध चालू आहे. तुमच्या गावात कुणी सुनबाई साताऱ्याला शिकलेली असेल, तिला आमची आठवण सांगा.