नराचे रंग, मादीची पारख आणि पाण्यातला उजेड

डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून महाराष्ट्रात विहिरींत, टाक्यांत आणि साचलेल्या पाण्यात जे गप्पी मासे सोडले जातात, ते मूळचे येथील नव्हेत. दक्षिण अमेरिकेचा ईशान्य भाग आणि त्याच्या किनाऱ्याजवळचे त्रिनिदाद बेट हे त्यांचे मूळ घर होय. या माशाची मादी आकाराने मोठी आणि मातकट, तर नर लहान आणि नारिंगी, काळ्या, निळ्या व चकाकत्या ठिपक्यांनी भरलेला असतो, आणि हे ठिपके इतके विविध असतात की एकाच ओढ्यातील दोन नर सारखे सापडणे अवघड. शोभेच्या टाकीतील झुपकेदार शेपटीचा गप्पी मात्र या विवेचनात जमेस धरता येत नाही, कारण ती शेपटी मादीच्या नव्हे, तर माशांची पैदास करणाऱ्या माणसाच्या आवडीची साक्ष देते.

नर आणि मादी यांच्यात असा भेद का असावा, या प्रश्नाला चार्ल्स डार्विन यांनी 1871 मध्ये लैंगिक निवडीचे उत्तर दिले. जगण्याच्या झगड्यात उपयोगी नसलेले, प्रसंगी घातकही ठरणारे लक्षण केवळ जोडीदार मिळवून देते म्हणून पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकते, असा त्याचा आशय. गप्पी माशात या विचाराची कसोटी चांगली लागते, कारण येथे नर घरटे बांधत नाही, पिलांची राखणही करत नाही. मादी जिवंत पिलांना जन्म देते आणि नराकडून तिला मिळते ते जवळजवळ केवळ शुक्रबीज, म्हणजेच पुढच्या पिढीचा वारसा. त्यातही नराच्या रंगांची अनेक जनुके वाय गुणसूत्रावर, म्हणजे बापाकडून फक्त मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्रावर असतात, हे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील योहानेस श्मिट आणि ओय्विंड विंगे यांच्या 1920 च्या सुमाराच्या संशोधनातून पुढे आले. तेव्हा रंगीत नर निवडणाऱ्या मादीचे पुत्रही बहुधा रंगीत निपजतात.

परंतु रंग पाहणारी मादी एकटीच नसते. त्रिनिदादच्या उत्तरेकडील डोंगररांगेतून उतरणाऱ्या ओढ्यांत धबधब्यांच्या खाली गप्पींची शिकार करणारे मोठे मासे राहतात, तर धबधब्यांच्या वर त्यांचा शिरकाव होत नसल्याने तेथे लहान आणि तुलनेने कमी धोक्याचा भक्षकच तेवढा उरतो; आणि खालचे नर फिके, तर वरचे भडक, असा फरक तेथे ओढ्यामागून ओढ्यात आढळतो. जॉन एंडलर यांनी हा योगायोग आहे की कार्यकारणसंबंध, हे तपासण्यासाठी प्रिन्स्टन येथील काचघरात कृत्रिम तळी केली, काहींत जाड खडी तर काहींत बारीक खडी पसरली, आणि काही तळ्यांत भक्षक सोडले. 1980 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की घातक भक्षकांच्या तळ्यांत काही पिढ्यांतच नरांचे ठिपके घटले आणि उरलेल्या ठिपक्यांचा आकार तळाच्या खडीशी जुळत गेला, तर निर्धास्त तळ्यांत ठिपके वाढले आणि त्यांचा आकार खडीपासून वेगळा, म्हणजे नजरेत भरेल असा होत गेला. एंडलर एवढ्यावर थांबले नाहीत. 1976 मध्ये त्यांनी घातक भक्षकांच्या पाण्यातील सुमारे 200 गप्पी अशा भक्षकांपासून मुक्त असलेल्या एका उपओढ्यात सोडले होते, आणि दोनच वर्षांत तेथील नर अधिक रंगीत झाल्याचे दिसले. उत्क्रांती माणसाच्या आयुष्यात पाहता येत नाही, या समजुतीला बसलेला हा एक सणसणीत धक्का होता.

सर्व रंगांत नारिंगीचे महत्त्व वेगळे. त्रिनिदादमधील परिया नदीतील गप्पींवर काम करणाऱ्या ॲन हूड यांनी 1987 मध्ये दाखवले, की तेथील माद्या अधिक नारिंगी नरांना अधिक प्रतिसाद देतात. या रंगातील कॅरोटिनॉइड हे रंगद्रव्य माशाला स्वतः तयार करता येत नाही, ते शेवाळासारख्या अन्नातून मिळवावे लागते. म्हणून गडद नारिंगी नर म्हणजे अन्न शोधण्यात पटाईत नर, असा सरळ अर्थ लावला गेला. हा अर्थ अपुरा आहे. त्याच ठिपक्यात ड्रोसोप्टेरिन हे दुसरे रंगद्रव्य असते, जे मासा स्वतः बनवतो. ज्या ओढ्यांवर झाडांची छाया विरळ आणि म्हणून शेवाळ मुबलक, तेथील नर ड्रोसोप्टेरिनही अधिक बनवतात, असे ग्रेगरी ग्रेदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. त्यामुळे दोहोंचे प्रमाण सर्वत्र जवळपास सारखे राहून विशिष्ट छटा टिकते. नुसती कॅरोटिनॉइडची उणीव झाकायची असती, तर नेमके उलट घडायला हवे होते. त्या छटेचीच ओढ मादीला का, याचा एक धागा 2002 च्या संशोधनात सापडतो: नर-मादी दोघेही निर्जीव नारिंगी वस्तूंकडेही आकर्षित होतात, आणि ओढ्यात पडणारी नारिंगी फळे हे त्यांचे आवडते खाद्य आहे. म्हणजे मादीची आवड नराच्या रंगाआधीची असू शकते, आणि नराने आयत्या आवडीचा लाभ घेतलेला असू शकतो.

ही पारख पाण्यात शिरणाऱ्या उजेडावर किती अवलंबून असते, ते आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराने दाखवले. तेथे गप्पीहून वेगळ्या माशांच्या एका जातीचा नर तांबडा आणि तिच्या जवळच्या जातीचा नर निळा असून, माद्या रंगावरूनच आपल्या जातीचा नर ओळखतात. ओले सीहाउझेन आणि जॅक व्हान आल्फेन यांनी प्रयोगशाळेत रंगभेद पुसणारा एकरंगी उजेड वापरला, तेव्हा ही निवड कोलमडली. सरोवराच्या काठची जंगले तुटून आणि शेतीतील खते वाहून येऊन पाणी गढूळ झाले आहे. अशा भागांत नरांचे रंग मंद आणि जातींची संख्या कमी, असे 1997 मध्येच नोंदले गेले. या दोन जातींची संकरित संतती जगते आणि पुढे प्रजननही करते. त्यांना वेगळे ठेवणारी भिंत मुख्यतः मादीच्या निवडीचीच आहे.