घागर, हवा आणि मालमोटार



मी सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या सोनाळ्याचा एक निवृत्त शिक्षक. मालमोटार चालविण्याची विद्या मला अवगत नाहीं. परंतु जो धडा मीं वर्षानुवर्षें वर्गांत शिकविला, तोच माझा एक विद्यार्थी मोठेपणीं विसरला आणि त्याची किंमत त्याला द्यावी लागली. त्या धड्याविषयीं आज थोडें सांगणार आहें.

विहिरीवर पाणी भरणारी बाई घागर उपडी बुडवीत नाहीं. ती तिरपी धरून आंतली हवा बुडबुड करीत बाहेर पडूं देते. कारण हवेनें जागा सोडल्याखेरीज पाणी आंत शिरत नाहीं. मोटारींतहि हेंच घडतें. एंजिनाच्या भोंवतीं पाणी खेळविलेलें असतें. पंप तें फिरवितो, आणि रेडिएटरमध्यें तें थंड होऊन परत येतें. दुरुस्तीसाठीं काढलेलें पाणी पुन्हा घाईनें भरलें, कीं थोडी हवा उंच जागीं, बहुधा एंजिनाच्या माथ्यांत, अडकून बसते. पाणी ढकलणाऱ्या पंपास हवा ढकलतां येत नाहीं. मग जेथें पाणी पोंचत नाहीं, तेथील धातु बेसुमार तापते.

माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीचें असेंच झालें. वैशाखांतील दुपार, गाडींत कापसाच्या गाठी, आणि रेडिएटर नुकताच दुरुस्त केलेला. उष्णता दाखविणारा काटा स्थिर, म्हणून तो निश्चिंत होता. वस्तुतः उष्णता मोजणारें साधन पाण्याऐवजीं हवेच्या पोकळींत राहिलें होतें. तें खरें सांगणार कसें? वाफ दिसतांच त्यानें गाडी थांबवून रेडिएटरचें झांकण काढलें. दाबाखालीं असलेलें पाणी 100 अंशांपलीकडेहि उकळत नाहीं; दाब सुटतांच मात्र त्याची तत्क्षणीं वाफ होते. त्याचा हात कोपरापर्यंत भाजला, एंजिनाचें हेड चिरलें, आणि दोन महिन्यांची कमाई बुडाली. “गुरुजी, कांटा तर ठीक होता हो!” हें त्याचें वाक्य मी विसरलों नाहीं.

आतां उपाय पाहूं. प्रथम एंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें. गाडी पुढची बाजू वर राहील अशा चढावर उभी करून चाकांस दगड लावावेत, म्हणजे रेडिएटरचें तोंड उंच येतें. हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करावा, आणि पाणी बारीक धारेनें ओतावें. स्क्रूजवळून बुडबुड्यांविना अखंड धार येऊं लागली, कीं तो आवळावा. नंतर झांकण न लावतां एंजिन मंद चालू ठेवावें. हात पंख्यापासून दूर असावेत. थर्मोस्टॅट नांवाची झडप बहुतेक गाड्यांत सुमारें 80 अंशांच्या आसपास उघडूं लागते. ती उघडतांच वरची रबरी नळी गरम होते आणि पाण्याची पातळी एकाएकीं खालीं जाते. नवखा घाबरतो, जाणता ओळखतो कीं हवा निघाली. कमी झालेलें पाणी भरावें, आणि पातळी स्थिर झाल्यावर झांकण लावावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं, एंजिन थंड असतांना, पातळी पुन्हा पाहावी.

इतकें करूनहि बुडबुडे थांबत नसतील, तर हवा बाहेरून आलेली नाहीं. हेड गॅस्केट फुटून जळलेला वायु पाण्यांत शिरत असण्याचा संभव आहे. अशी गाडी पुढें नेऊं नये, जाणत्या कारागिराकडे सोंपवावी.

पाण्याविषयींहि एक सूचना. आमच्या दक्षिणेस पूर्णाकांठीं खारपाण पट्टा आहे. तेथील विहिरींचें पाणी भरल्यास क्षारांचा थर आंत बसून नळ्या अरुंद होतात. गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलें कूलंट शुद्ध पाण्यांत मिसळून घालणें उत्तम.

माझा विद्यार्थी आतां पुन्हा गाडी चालवितो. पाणी भरल्यावर तो अर्धा तास गाडीपाशीं थांबतो. मालक कुरकुरतो, पण हा सांगतो, “घागर भरायला वेळ लागतोच, शेठ.”