दहाने जास्त!

फोनवर खरखर असली की आकडे हमखास घोटाळा करतात. आपण सांगतो ‘एकोणसत्तर’, पलीकडचा ऐकतो ‘एकोणसाठ’. माणूस सावध असेल तर तो विचारतो, “एकोणसाठ ना?” मग आपण सगळा आकडा पुन्हा सांगत बसत नाही. “नाही, दहाने जास्त,” म्हटलं की काम होतं. संदेशवहनाच्या शास्त्रात या उलट विचारण्याला फीडबॅक म्हणतात.

१९५६ साली क्लॉड शॅनन यांनी याबाबत थोडी निराशाजनक गोष्ट सिद्ध केली. या क्षणाच्या खरखरीचा मागच्या क्षणाशी काही संबंध नसेल, तर परतीचा निरोप कितीही मिळो, संदेश पाठवण्याच्या वेगाची कमाल मर्यादा तसूभरही वाढत नाही. मग तो निरोप हवा कशाला?

त्याच १९५६ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले, पुण्यातच जन्मलेले थॉमस कैलाथ पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले. १९६६ साली त्यांनी आणि स्खाल्कवाइक यांनी एक युक्ती मांडली. उपग्रहाकडे वीज मोजकी, म्हणून त्याचा आवाज क्षीण. जमिनीवरच्या केंद्राला मात्र विजेची ददात नाही, त्यामुळे त्याचं बोलणं वर स्पष्ट पोहोचतं. उपग्रहानं एक संख्या पाठवायची. केंद्रानं ‘मला अमुक ऐकू आलं’ असं कळवायचं. उपग्रहानं मग फक्त चूक पाठवायची, तीही आपली सगळी ताकद लावून, मोठी करून. म्हणजे आपलं ‘दहाने जास्त’च! प्रत्येक फेरीत चूक आक्रसत जाते. एरवी संदेशाची लांबी दुप्पट केली, तर चुकीची शक्यता साधारणपणे हजारात एकवरून दहा लाखांत एकवर येते. इथे ती याहून कितीतरी झपाट्यानं कोसळते. वेगाची मर्यादा तीच राहते, खात्री मात्र अफाट वाढते. मला ही युक्ती फार देखणी वाटते.

पण तिची एक अट आहे, आणि ती जाचक आहे. परतीची वाट स्वच्छ हवी. ‘मी एकोणसाठ ऐकलं’ हेच आपल्याला चुकीचं ऐकू आलं, तर आपण न झालेली चूक दुरुस्त करू लागतो. शिवाय वेळही हवा. ‘व्हॉयेजर १’चा सिग्नल पृथ्वीवर यायलाच २२ तासांहून अधिक लागतात. तिथे ‘काय म्हणालात?’ विचारण्यात अर्थ नाही. चुका ओळखून सुधारण्याची सोय संदेशातच भरून पाठवावी लागते.

आपल्या खिशातल्या मोबाइलला अंतराची ही अडचण नाही. तो साधंच विचारतो. माहितीचा तुकडा नीट आला तर ‘मिळाला’, नाहीतर ‘नाही मिळाला’ एवढाच निरोप तो टॉवरला देतो, आणि टॉवर पुन्हा पाठवतो. गंमत अशी, की आधीचा बिघडलेला तुकडाही फोन टाकून देत नाही. तो जपून ठेवतो, नव्याशी जोडतो, आणि दोन्ही मिळून मूळ संदेश काय असावा, हे ताडतो.