बोयाचा बत्तीस बाइटांचा निरोप



अरबी समुद्रातलं वरच्या थराचं पाणी किती तापलंय, हे चक्रीवादळाचा अंदाज बांधताना फार महत्त्वाचं असतं. ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’ ही वादळं सोसलेल्या कोकणाला ते वेगळं सांगायला नको. हे तापमान मोजतात समुद्रातले बोये. काही नांगरलेले, काही प्रवाहाबरोबर वाहणारे. तिथे मोबाइलचा टॉवर नाही आणि वीजही मोजकीच, म्हणून मोजलेलं सगळं उपग्रहामार्फत पाठवायचं.

१९७८पासून चालत आलेली ‘आर्गोस’ ही फ्रान्स आणि अमेरिकेची यंत्रणा घ्या. तिच्या मूळ पद्धतीत एका संदेशात मोजमापांसाठी जास्तीत जास्त २५६ बिट, म्हणजे ३२ बाइट मिळत. निरोप पोचला की नाही हे बोयाला कळत नसे, म्हणून तो तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवी. स्वतःची जागा मात्र त्याला लिहावी लागत नसे. उपग्रह जवळ येताना आणि दूर जाताना लहरींची वारंवारिता बदललेली दिसते, त्यावरून बोयाची जागा जमिनीवर काढता येई.

आता समजा, पाणी २८.५३ अंश आहे. हे अक्षरांत लिहिलं तर पाच बाइट, म्हणजे ४० बिट गेले. त्याऐवजी आधीच ठरवून ठेवू : मोजणी उणे पाच अंशांपासून आणि पायरी एक शतांश अंशाची. मग पाठवायचा आकडा ३३५३. तो बारा बिटांत मावतो. किनाऱ्यावर त्याला शंभरने भागायचं आणि पाच वजा करायचे. अचूकता तसूभरही कमी होत नाही.

खरा कस पुढे लागतो. सेन्सर बंद पडला तर काय लिहायचं? शून्य अंश लिहून चालणार नाही. मीठ असल्यामुळे समुद्राचं पाणी शून्याखालीही द्रवच राहतं, तेव्हा शून्य हेही खरं तापमान असू शकतं. जागतिक हवामान संघटनेच्या ‘बफर’ या द्विमान मांडणीत यासाठी फार सुरेख सोय आहे : एखाद्या मोजमापाचे सगळे बिट एक असले, की ‘नोंद नाही’ असं समजायचं. आपल्या बारा बिटांत तो आकडा ४०९५. तो राखून ठेवलाच पाहिजे. न मोजलेलं मोजल्यासारखं दाखवणं मला सर्वांत घातक वाटतं, कारण अशी चूक पुढे सरासरीत मिसळून जाते आणि मग सापडत नाही.

बारा बिटांची वीस मोजमापं म्हणजे २४० बिट. उरलेल्या सोळांपैकी आठ मी चेकसमला देईन, म्हणजे वाटेत बिघडलेला संदेश ओळखता येईल. राहिलेले आठ तक्त्याच्या क्रमांकाला; तक्ता म्हणजे प्रत्येक मोजमापाची सुरुवात आणि पायरी काय ठरली, त्याची यादी. सेन्सर बदलतात, मर्यादा बदलतात, माणसंही बदलतात. आणि ३३५३ कोणत्या तक्त्याने वाचायचा हे कळलं नाही, तर वर्षानुवर्षांच्या नोंदी निरुपयोगी होतात. त्या आठ बिटांत आणखी एखादं मोजमाप कोंबण्याचा मोह कुणालाही होईल. तरी तो क्रमांक संदेशाच्या पहिल्याच बाइटमध्ये असावा, असं माझं ठाम मत आहे.