जनरेटर आपला, नाडी दुसऱ्याच्या हातात

(गंगापूर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर आपण नेहमीच बोलतो. आज बोलायचे आहे ते गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेल्या यंत्रावर. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचे वीजबिल माफ झाले. ठीक आहे. पण ज्वारी पोटरीत आली आणि त्याच आठवड्यात डीपी जळाला, तर माफ झालेले बिल काही पिकाला पाजता येत नाही. म्हणून ज्याला जमले त्याने छोटा जनरेटर घेतला. बोअरची दीड-दोन अश्वशक्तीची मोटार नाहीतर कडबा कुट्टी त्यावर चालते.

आधी हिशेब. पेट्रोलचा छोटा जनरेटर एक युनिट विजेला अर्ध्या लिटरच्या आसपास पेट्रोल पितो. म्हणजे युनिट पन्नास रुपयांच्या घरात गेले. या विजेवर कोणी पाच एकर कपाशी भिजवू म्हणेल तर तो बुडाला. ही वीज आहे पोटरीतली ज्वारी वाचवायला, एखाद्या पाळीपुरती. आणि नेमक्या त्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा निखळतो, यंत्र काही सुरू होत नाही.

का होत नाही? दहापैकी बहुतेक वेळा दोष टाकीतल्या शिळ्या पेट्रोलचा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलशी आपले वैर नाही, आपलाच ऊस आणि मका त्यात जातो. पण ते हवेतले पाणी ओढते. चार महिने पेट्रोल तसेच राहिले की कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकट साका बसतो, जुन्या रबरी नळ्या फुगतात. उपाय फुकटचा आहे. काम संपले की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे. महिनाभर लागणार नसेल तर टाकीही रिकामी करावी.

दुसरा शत्रू आपल्या रानातली धूळ. कुट्टी चालू असताना जनरेटर वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवला की भुसा आणि धूळ थेट एअर फिल्टरमध्ये. कंपनीच्या पुस्तिकेत साधारण ५० तासांनी फिल्टर साफ करा असे लिहिलेले असते. ते धूळ नसलेल्या जागेसाठी. आपल्याकडे रोज उघडून बघावा. फाटका फिल्टर म्हणजे पिस्टनच्या रिंगांना पॉलिश कागद लावल्यासारखे आहे. ऑइल फक्त अर्धा-पाऊण लिटर मावते, म्हणून ते लवकर मरते. नवीन यंत्राचे पहिले ऑइल २० तासांत बदलावे, पुढे १०० तासांनी. चालवण्याआधी प्रत्येक वेळी पट्टी काढून पातळी बघावी, आणि यंत्र सपाट जागेवर ठेवावे. बांधावर तिरपे ठेवले तर ऑइल कमी समजून काही यंत्रे स्वतःच बंद पडतात, आणि आपण विनाकारण मिस्त्री बोलावतो.

आता इंजिन फटफट चालते पण वीज येत नाही, तेव्हाचे सांगतो. इथेच शेतकरी लुटला जातो. मिस्त्री यंत्राला हात लावायच्या आत म्हणतो, वाइंडिंग जळाले. आपण मान डोलावतो. अरे, आधी ब्रेकर पडला का ते बघ. मग कार्बन ब्रश काढून दाखव म्हणा. ब्रश झिजून आखूड झाला असेल तर नवा थोड्या पैशांत मिळतो. काही यंत्रांत ब्रश नसतो, कपॅसिटर असतो. यंत्र बंद असले तरी त्यात झटका साठलेला असतो, त्याला आपण हात लावू नये. त्यानंतर व्होल्टेज सांभाळणारी एव्हीआरची पेटी तपासायची. वाइंडिंग खरोखर जळाले असेल तर जुनी तार आपल्यासमोर वजन करून परत मागा, आणि नवी तांब्याची की ॲल्युमिनियमची हे बिलावर लिहून घ्या. तोंडाच्या शब्दावर आपण कापूस विकत नाही, तार का विकावी?

आणखी एक चलाखी. व्होल्टेज कमी पडले की गव्हर्नरचा स्क्रू पिळून इंजिन पळवतात. बहुतेक छोटे जनरेटर मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर ५० सायकलची वीज देतात. फेऱ्या वाढवल्या की दिवा लखलखतो, पण यंत्र आणि मोटार दोन्ही झिजतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, म्हणून मोठ्या मोटारीपुढे छोटा जनरेटर मान टाकतो. तो दोष स्क्रूचा नाही.

सुट्या भागांचे काय? पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली. ती इंजिने खेडोपाडी टिकली, कारण मिस्त्री आणि पार्ट जवळच्या बाजारात मिळत. आज बिननावाच्या पेटीतून आलेला जनरेटर स्वस्त वाटतो, पण त्याचे कार्बोरेटर कुठे मिळणार हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. घ्यायच्या आधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: याची रिंग, गॅस्केट आणि ब्रश आज तुझ्या कपाटात आहे का? नसेल तर उठा. आपल्याच तालुक्यात वाळूजला १९८५ पासून गाड्यांचे कारखाने आहेत, आपली पोरे तिथे इंजिनाचे भाग हाताळतात, आणि आपण एका रिंगेसाठी आठवडा घालवतो! सप्टेंबर २०२५ मध्ये १५ अश्वशक्तीपर्यंतच्या एकाच वेगाच्या डिझेल इंजिनांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. जनरेटरवर मात्र तो १८ टक्केच राहिला. हा मुद्दा जिल्ह्याच्या बैठकीत मांडायचा आहे.

तोवर एका गावातल्या दहा जनरेटरवाल्यांनी मिळून एक डबा करावा. त्यात प्लग, एअर फिल्टर, ब्रशची जोडी, दोरी, पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरचे गॅस्केट ठेवावे. पार्ट घेताना जुना तुकडा सोबत न्यावा, मॉडेल नंबर वहीत लिहावा, पक्के बिल घ्यावे.

शेवटी जिवाचे दोन शब्द, हे घरी मायबहिणींनाही सांगा. जनरेटर बंद खोलीत किंवा विहिरीत उतरवून चालवू नका; त्याच्या धुरातल्या विषारी वायूला वासही नसतो आणि माणूस झोपेतच जातो. आणि चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय घराच्या वायरिंगला जनरेटर जोडू नका. आपली वीज उलटी डीपीकडे जाते, आणि खांबावर चढलेला वायरमन आपल्याच गावचा पोरगा असतो. स्विच ज्यांनी अजून बसवलेला नाही, त्यांनी बैठक संपल्यावर थांबून नावे द्यावीत, दहा-पंधरा एकदम आणले की दुकानदार भाव कमी करतो.